मनालीच्या बर्फात छोटी गाडी: वर चढण्याआधी उतरायचा विचार करा

डिसेंबर लागला की पुणे, मुंबई, नाशिक, नागपूरकडून बरीच मंडळी स्वतःची गाडी घेऊन मनालीला निघतात, आणि त्यात आल्टो, वॅगनार, स्विफ्ट, आयटेन, टियागो अशा छोट्या गाड्या भरपूर असतात. दरवर्षी एकच प्रश्न येतो, छोटी गाडी बर्फात चालेल का? चालते, पण कुठवर आणि कशी ते नीट कळलं पाहिजे, म्हणून हे सविस्तर लिहितोय. मनाली, सोलंग, धुंडी, अटल टनेल, पलीकडे सिस्सू हा रस्ता डोळ्यासमोर ठेवलाय कारण आपले लोक सगळ्यात जास्त तिथेच जातात.

सगळ्यात आधी एक गोष्ट. बर्फात गाडी पुढे जाईल का हा प्रश्न दुय्यम आहे, थांबेल का हा खरा प्रश्न आहे. आपल्या बहुतेक छोट्या गाड्या फ्रंट व्हील ड्राइव्ह आहेत, म्हणजे पुढची चाकं गाडी ओढतात, इंजिनचं वजन नेमकं त्याच चाकांवर असतं, टायर अरुंद असतात त्यामुळे ते पातळ भुसभुशीत बर्फातून खाली रस्त्यापर्यंत पोचतात, गाडी हलकी असते, म्हणून थोडाफार बर्फ असला तरी ती आरामात वर चढून जाते आणि माणसाला वाटतं की जमतंय की. खरी परीक्षा संध्याकाळी उतरताना होते. इथे फोर बाय फोरवाल्यांनीही लक्षात ठेवा, चार चाकं ओढतात म्हणून ब्रेक काही चांगला लागत नाही, ब्रेक आधीपासूनच चारही चाकांना असतो.

थोडे आकडे देतो, अंदाजे आहेत पण चित्र स्पष्ट होईल. कोरड्या डांबरावर ताशी ३० च्या स्पीडला ब्रेक मारला तर गाडी साधारण ५ मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर त्याच स्पीडला १४-१५ मीटर लागतात आणि गुळगुळीत आइसवर, म्हणजे पाणी गोठून झालेल्या कडक थरावर, ३५ च्या आसपास. हे सगळं सपाट रस्त्यावर, आणि पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा वेळ यात धरलेलाच नाही. आता उताराचा विचार करा. १०० मीटरला १० मीटर उतरणारा रस्ता असेल आणि खाली काचेसारखा आइस असेल तर टायरची जेवढी पकड आहे ती सगळी गाडीला खाली ओढणाऱ्या वजनाशी झुंजण्यातच संपते, स्पीड कमी करायला काही उरतच नाही. म्हणजे तुम्ही ब्रेक पूर्ण दाबून बसलेले आहात आणि गाडी त्याच वेगाने खाली चाललीये. यात ड्रायव्हिंग स्किलचा काही संबंध नाही, तिथे कोणीच थांबवू शकत नाही. म्हणून तो उतार सुरू व्हायच्या आधी निर्णय घ्यावा लागतो. चांगली बातमी अशी की स्पीड अर्धा केला तर थांबायचं अंतर पावपट होतं, त्याच आइसवर सपाटीला ३० ऐवजी १५ ने असाल तर ३५ मीटरचे ९ मीटर होतात. बर्फात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचं सेफ्टी फीचर म्हणजे स्पीड कमी ठेवणं.

निघायच्या आधी घरीच करायच्या गोष्टी

कूलंट. आपल्याकडे उन्हाळ्यात लेव्हल कमी झाली की साधं पाणी टाकायची सवय आहे, पंपावरचा पोरगाही बाटलीने पाणीच ओततो. असं दोन-तीन वर्षं झालेलं असेल तर कूलंट नुसतं नावाला उरतं. पाणी गोठलं की साधारण ९ टक्के फुगतं, आणि रेडिएटर किंवा इंजिन ब्लॉकला तडा गेला तर ट्रिप तिथेच संपली. सगळं काढून अर्धं कूलंट अर्धं डिस्टिल्ड वॉटर असं नवीन भरून घ्या, ते उणे ३५ च्या आसपासपर्यंत टिकतं. काच धुवायच्या पाण्याचंही तेच, साधं पाणी टाकीत आणि नळीत गोठतं, थंडीसाठीचं वॉशर लिक्विड मिळालं तर ते भरा.

बॅटरी तीन-चार वर्षांची असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या. थंडीत बॅटरीची ताकद चांगलीच घटते आणि त्याच वेळी ऑइल घट्ट झाल्याने इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते, पुण्यात व्यवस्थित चालू होणारी गाडी मनालीत सकाळी टकटक करून गप्प बसते ती याच्यामुळे.

डिझेल गाडी असेल तर टाकीत महाराष्ट्रातलं डिझेल घेऊन थेट वर जाऊ नका. कडाक्याच्या थंडीत डिझेलमधलं मेण गोठायला लागतं आणि फिल्टर चोकअप होतो. २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशापर्यंत वाहतं राहणारं वेगळं डिझेल बाजारात आणावं लागलं ते याच कारणाने. टाकी रिकामी होत आणा आणि मंडी, कुल्लू, मनाली असं पुढे जाता जाता तिथलंच भरा. सीएनजीवाल्यांनी पेट्रोलची टाकी पूर्ण भरलेली ठेवायची, गॅसच्या भरवशावर डोंगरात जायचं नाही.

टायरचं रबर साधारण ७ अंशाखाली कडक व्हायला लागतं आणि पकड कमी होते, थंडीचे खास टायर आपल्या छोट्या साइजमध्ये इकडे मिळणं अवघड, त्यामुळे निदान नक्षी भरपूर शिल्लक असलेले टायर पाहिजेत. हवेच्या प्रेशरचं जरा गणित आहे. तापमान ५-६ अंश उतरलं की साधारण १ पीएसआय कमी होतो, पण वर गेल्यावर बाहेरच्या हवेचा दाब घटतो त्यामुळे गेज जास्त दाखवतं, समुद्रसपाटीच्या तुलनेत ३००० मीटरवर हा फरक ४ पीएसआयच्या पुढे जातो. दोन्ही एकमेकांना थोडंफार कापतात, म्हणून घरचा आकडा धरून बसू नका, मनालीत सकाळी टायर थंड असताना मोजा आणि दरवाज्यावरच्या स्टिकरप्रमाणे ठेवा. बर्फासाठी हवा कमी करा असा सल्ला खूप जण देतात, रस्त्यावर चालवायला ते करू नका, गाडी खोल बर्फात रुतली असेल तर बाहेर काढण्यापुरतं थोडं कमी करणं ठीक आहे, मग लगेच परत भरायची.

चेन

चेन म्हणजे बर्फात पकड मिळावी म्हणून टायरवर गुंडाळायची साखळी. बर्फ पडून गेल्यावर पोलीस मनालीच्या पुढे नेहरू कुंड, पलचान किंवा सोलंगच्या आसपास गाड्या अडवतात आणि फक्त फोर बाय फोर किंवा चेन लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. कुठे अडवतील ते त्या दिवशीच्या परिस्थितीवर ठरतं. चेन मनालीत विकत आणि भाड्याने मिळते, रस्त्यात लावून देणारी मुलंही भेटतात, पण स्वतःला लावता आलीच पाहिजे कारण ती सैल झाली तर ती मुलं तुमच्यासोबत नसतात.

चेन टायरच्या साइजप्रमाणे घ्यायची. टायरच्या बाजूला १४५/८०, १६५/७० असं काहीतरी लिहिलेलं असतं, ते बघून. घरी सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकदा लावून बघा, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा की चेन मडगार्डच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या पाइपला घासत नाही ना. छोट्या गाडीत आत जागा कमी असते म्हणून हे बघणं फार गरजेचं आहे. जागा अगदीच कमी असेल तर कापडाचे स्नो सॉक्स हा पर्याय आहे, लावायला सोपे, पण मोकळ्या डांबरावर लगेच फाटतात.

लावायची पुढच्या दोन चाकांना, कारण तीच ओढतात. ईको, ओम्नी असली तर मागच्या चाकांना. लावायची जागा सपाट आणि रस्त्याच्या कडेची निवडा, चढ सुरू व्हायच्या आधी. अर्ध्या चढात गाडी घसरायला लागल्यावर मागे ट्रॅफिक तुंबवून चेन लावत बसणं म्हणजे स्वतःला आणि मागच्यांना दोघांनाही संकटात टाकणं. चेन पसरून चाकावर टाका, आतला हुक आधी, मग बाहेरचा, मग ताण देणारा रबर किंवा साखळी. ५०-१०० मीटर सावकाश चालवा, उतरून परत आवळा. ही दुसऱ्यांदा आवळायची पायरी लोक गाळतात आणि मग सुटलेली चेन मडगार्ड फोडते. स्पीड ३० च्या वर न्यायचा नाही. कोरडं डांबर किंवा काँक्रीट लागलं की काढायची, टनेलमध्ये चेनवर जायचं नाही.

आणि एक महत्त्वाची गोष्ट जी चेन विकणारा सांगत नाही. चेन फक्त पुढे आहे, मागची चाकं तशीच निसरडी आहेत. उतारावर वळणात ब्रेक मारलात तर पुढचं टोक पकडून राहतं आणि मागचं बाहेर फेकलं जातं. त्यामुळे चेन असली तरी ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असतानाच.

प्रत्यक्ष चालवणं

ताम्हिणी, वरंधा, आंबोलीच्या पावसात गाडी चालवणाऱ्या माणसाला घाट नवीन नसतो, पण दोन सवयी तिथेच सोडून यायच्या. एक, उतारावर न्यूट्रल करून गाडी सोडायची. दुसरी, वळणाच्या अगदी तोंडाशी जाऊन ब्रेक मारायची. बर्फात हे दोन्ही जिवावर बेततं.

सुटताना मॅन्युअल गाडी सेकंड गिअरला हळू क्लच सोडून काढा, फर्स्टला टॉर्क जास्त असतो आणि चाक जागच्या जागी फिरतं. चाक फिरलं की खालचा बर्फ वितळून परत गोठतो आणि तुम्हीच तुमच्याखाली आइस तयार करता. एएमटी, म्हणजे क्लच पेडल नसलेली ऑटो गिअरची गाडी असेल तर मॅन्युअल मोडला टाका. पुढे सगळं चालवणं असं की मागच्या सीटवर आज्जी मांडीवर तुपाचं भरलेलं पातेलं घेऊन बसलीये, ॲक्सिलरेटर, ब्रेक, स्टेअरिंग काहीही एकदम नाही, आणि एका वेळी एकच गोष्ट, ब्रेक मारताय तर वळवू नका, वळताय तर गॅस देऊ नका.

चढावर मध्ये थांबायचं नाही हे मुख्य. पुढची गाडी अडकलेली दिसली तर तिच्या मागे चिकटून उभे राहू नका, खाली सपाटीलाच थांबा, ती वर पोचू दे, मग एका दमात जा. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम इथे अजूनच कडक पाळा कारण ती थांबली तर परत सुटणार नाही. गाडीत मागे तीन जण आणि डिकीत सामान खचाखच असेल तर चढावर पुढची चाकं हलकी होतात आणि नुसती फिरत राहतात, सामान हॉटेलवर ठेवून जा. आणि बर्फ गाडीच्या पोटाला लागायला लागला की परत फिरा. छोट्या गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स १६-१७ सेंटिमीटरच असतो, त्याहून खोल बर्फात गाडी पोटावर बसते, मग चेन असून उपयोग नाही.

उतरताना आधीच सेकंड, तीव्र उतार असेल तर फर्स्ट, आणि इंजिनच्या ब्रेकवर सोडायची, म्हणजे गॅस सोडून गाडी गिअरमध्येच ठेवायची. गिअर उतारावर गेल्यावर बदलू नका, आधी बदला, आणि क्लच सावकाश सोडा नाहीतर तोच एक धक्का पुढची चाकं घसरवायला पुरतो. ब्रेक लागेल तेव्हा हलका. एबीएस (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर ब्रेकच्या पेडलला थरथर जाणवते आणि खडखड आवाज येतो, घाबरून पाय उचलू नका, दाबून ठेवा. जुनी बिनएबीएसची आल्टो असेल तर दाबा, चाक लॉक झाल्यासारखं वाटलं की सोडा, परत दाबा. हँडब्रेक चालत्या गाडीत अजिबात ओढायचा नाही, तो मागच्या चाकांना असतो, गाडी फिरून आडवी होते.

घसरलीच तर? पुढची चाकं घसरली म्हणजे स्टेअरिंग वळवलंय पण गाडी सरळच चाललीये. तेव्हा अजून वळवायची इच्छा होते, ते करू नका, गॅस सोडा, स्टेअरिंग थोडं सरळ करा, चाकाने पकड घेतली की हळू वळवा. मागचं टोक घसरलं तर मागचं टोक ज्या बाजूला चाललंय त्याच बाजूला स्टेअरिंग फिरवा, क्लच दाबा, ब्रेक नको. नजर दरीकडे नाही, जिथे जायचंय तिकडे ठेवा, हात नजरेच्या मागे जातात. कुठे थांबणंच शक्य नाही असं दिसलं तर डोंगराच्या बाजूला साठलेल्या मऊ बर्फात गाडी हळूच घुसवा, बंपर जाईल, माणसं राहतील.

ब्लॅक आइस

बर्फ दिसतो म्हणून त्याची भीती वाटते आणि माणूस सावध राहतो. जास्त धोका ब्लॅक आइसचा, म्हणजे डांबरावरच्या पातळ पारदर्शक आइसचा, कारण रस्ता नुसता ओला दिसतो. सावलीतली वळणं, पूल, आणि डोंगरातून रस्त्यावर झिरपणारं नाल्याचं पाणी, या तीन जागा लक्षात ठेवा. पुलाला खालूनही थंड हवा लागते म्हणून तो रस्त्याच्या आधी गोठतो. स्टेअरिंग अचानक हलकं वाटायला लागलं आणि टायरचा आवाज बंद झाला तर तुम्ही आइसवर आहात. तेव्हा काहीच करू नका, गॅस हळू सोडा आणि सरळ जाऊ द्या. शून्य अंशाच्या आसपास आइस सगळ्यात निसरडा असतो, वर पाण्याचा पातळ थर असतो म्हणून. खूप कडक थंडीत उलट थोडी जास्त पकड मिळते, त्यामुळे ऊन पडलंय, बर्फ वितळतोय, आता ठीक आहे असं समजू नका.

अटल टनेलचं खास सांगायचं म्हणजे हा ९.०२ किलोमीटरचा बोगदा ३००० मीटरच्या वर आहे आणि दोन्ही तोंडांचं हवामान वेगळं असू शकतं. अलीकडे धुंडीला रस्ता कोरडा आणि पलीकडे सगळं पांढरं असं होतं. आत कोरड्या रस्त्यावर स्पीडची सवय लागते आणि बाहेर पडल्या पडल्या आइस. बोगदा संपायच्या आधीच स्पीड ताशी २० वर आणा.

वेळेचं म्हणाल तर सकाळी साडेनऊ-दहाच्या आधी निघू नका आणि दुपारी तीनच्या आत टनेलच्या अलीकडे परत या. दरीतलं ऊन लवकर जातं आणि दिवसभर वितळलेलं पाणी लगेच गोठायला लागतं. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते अटल टनेल या पट्ट्यात बर्फ पडून शेकडो गाड्या रात्री अडकल्या होत्या, पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं. वेस्टर्न डिस्टर्बन्स (पश्चिमेकडून येऊन पाऊस-बर्फ आणणारं हवामान) येतोय असं हवामान खात्याने सांगितलं असेल तर माझं स्पष्ट मत, गाडी मनालीत ठेवा आणि तिथली फोर बाय फोर टॅक्सी करा. तो ड्रायव्हर रोज तिथेच चालवतो, पैसे त्याच्या अनुभवाचे आहेत.

बारीकसारीक, पण गरजेचं

काचेवर आतून वाफ धरते तेव्हा हीटरसोबत एसी पण चालू करा, एसी हवेतला ओलावा काढतो, आणि हवा बाहेरून घ्यायचा मोड ठेवा, आत फिरवायचा नाही. गोठलेल्या काचेवर गरम पाणी कधीच ओतू नका, तडकते. निघताना टपावरचा बर्फ पण झाडा, नाहीतर पहिल्या ब्रेकला सगळा पुढच्या काचेवर येतो. सोलंगच्या रस्त्यावर भाड्याने मिळणारे गमबूट घालून गाडी चालवू नका, त्यात पेडल कळत नाही, आपले बूट घाला आणि तेही झटकून, तळव्याला बर्फ असेल तर पाय ब्रेकवरून सटकतो.

रात्री पार्क करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, ओले ब्रेक शू गोठून चिकटतात. सपाट जागी फर्स्ट गिअरला टाका, चाकांना दगड लावा, वायपर उभे करा, आणि तोंड रस्त्याकडे. उतरत्या पत्र्याच्या छपराखाली लावू नका, छपरावरचा बर्फ एकदम खाली येतो.

गाडी रुतली तर गॅस दाबून चाक फिरवत बसू नका. पुढच्या चाकांसमोरचा बर्फ फावड्याने काढा, पायपुसणी खडबडीत बाजू वर करून चाकाखाली घाला, वाळू किंवा राख असेल तर टाका, मग फर्स्ट-रिव्हर्स असं हळू झुलवत काढा. ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागच्या जागी फिरायला लागलं की ताकद कमी करणारी यंत्रणा) असेल तर तेवढ्यापुरता बंद करा. ढकलणाऱ्यांनी गाडीच्या उताराकडच्या बाजूला उभं राहायचं नाही.

आणि अडकून गाडीतच बसायची वेळ आली तर हे लक्षात ठेवा, प्लीज. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसपेक्षा जास्त माणसं गेली, थंडी आणि कार्बन मोनॉक्साइड ही कारणं तेव्हा समोर आली. सायलेन्सरचं तोंड बर्फाने बुजलं की धूर गाडीत येतो, या वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. हीटरसाठी इंजिन लावायचंच असेल तर आधी खाली उतरून सायलेन्सर मोकळा करा, एक काच बोटभर उघडी ठेवा, दहा मिनिटं चालवून बंद करा, बर्फ पडत असेल तर दर वेळी परत उतरून बघा, आणि सगळ्यांनी एकदम झोपू नका. ब्लँकेट, पाणी, सुका खाऊ, टॉर्च, पॉवर बँक, फावडं, दोरी हे डिकीत नाही, हाताला येईल असं आत ठेवा, डिकी गोठून उघडत नाही असंही होतं. मदतीसाठी ११२.

मनालीतून परत निघालात की चेन धुऊन पुसून कोरडी करून ठेवा, नाहीतर गंज खाऊन पुढच्या वर्षी कडी तुटते. पुढच्या टायरची आतली बाजू हात फिरवून बघा, चेन घासून कापलं गेलंय का. गाडीचं पोट एकदा प्रेशरने धुऊन घ्या, रस्त्यावर टाकलेली वाळू-खडी ब्रेकमध्ये अडकते आणि आवाज यायला लागतो, तो यायच्या आधी चंदीगडला थांबून दाखवलेलं बरं कारण पुढे पुण्या-मुंबईपर्यंत अजून दीड हजार किलोमीटरच्या वर रस्ता आहे.